वाळूचे गाळणे : निवळ पाण्यापासून निर्धोक पाण्यापर्यंत

मराठीत पाण्याला आपण ‘निवळ’ म्हणतो आणि ‘शुद्ध’ही म्हणतो. बोलण्याच्या ओघात या दोन शब्दांत फारसा भेद केला जात नाही. पाण्याच्या इतिहासात मात्र या दोन शब्दांमधील अंतर फार मोठे आहे. डोळ्यांना निवळ दिसणारे पाणी पिऊन गेल्या दोन शतकांत लक्षावधी माणसे दगावली. हे अंतर ओलांडण्याचे पहिले खात्रीचे साधन माणसाच्या हाती आले ते कोणत्याही दुर्मीळ धातूचे वा रसायनाचे नव्हते. ते होते नदीकाठची साधी वाळू. ही वाळू पाणी कसे शुद्ध करते, हे ती वापरणाऱ्यांना पहिली कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते. ते कळले तेव्हा असेही दिसून आले की गाळणे बांधणे सोपे असून ते राखणे कठीण आहे. पुढील पृष्ठांत हा इतिहास थोडक्यात मांडून, अखेरीस घरच्या घरी असे गाळणे कसे उभारता येते व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे सांगण्याचा हेतू आहे.

आपल्याकडची जुनी रीत

पाणी निवळण्याची चिंता आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळण्यासाठी उपयोगी पडणारी द्रव्ये दिली आहेत. त्यांत निवळीचे बी, कमळाचा कंद, शेवाळ, मोती आणि वस्त्र यांचा समावेश आहे. दूषित पाणी अग्नीवर उकळावे, उन्हात तापवावे किंवा तापवलेले लोखंड, वाळू अथवा ढेकळे त्यात विझवावीत, असेही तेथे सांगितले आहे. पाणी निवळणे ही एक क्रिया आणि बिघडलेले पाणी सुधारणे ही दुसरी, एवढा विवेक त्या ग्रंथात दिसतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

निवळीचे बी रांजणाच्या आतल्या अंगाला उगाळण्याची चाल आपल्या आजी-पणजींच्या काळापर्यंत चालू होती. ज्या बीने पाणी निवळते तिला निवळी म्हणावे, इतके हे नाव सरळ आहे. उगाळलेल्या बीमुळे पाण्यातील मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. तुरटीही हेच काम करते.

पाणी वस्त्रगाळ करून पिण्याच्या रिवाजाकडे पुढे सुशिक्षितांनी जरा उपेक्षेने पाहिले. परंतु बांगलादेशातील मतलब या भागात रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या रिवाजाला अनपेक्षित पाठबळ मिळाले. जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून तीतून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले होते. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि धुऊन धुऊन पिंजारलेल्या जुन्या कापडात ते प्राणी अडकतात, हे त्यामागील कारण. अर्थात ४८ टक्के म्हणजे निम्म्याहून थोडे कमीच. उरलेला धोका तसाच राहतो.

वाळूची ओळखही आपल्याला परकी नव्हती. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातील वाळूत हातभर खड्डा उकरायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे आणि मग हळूहळू पाझरून आलेले झिऱ्याचे पाणी वाटीने घागरीत भरायचे, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. शेजारी डबक्यात पाणी साचलेले असतानाही बाया झिऱ्यापाशी तिष्ठत बसत, कारण वाळूतून झिरपून आलेले पाणी अधिक चांगले हा अनुभव होता. या झिऱ्याचीच घरगुती आवृत्ती म्हणजे घडवंचीवरची किंवा तिकाटण्यावरची तीन मडकी. वरच्या दोन मडक्यांच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यांत कापडाची वात बसवायची. एकात लाकडी कोळसा, दुसऱ्यात वाळू व खडी भरायची आणि गाळलेले पाणी तिसऱ्या मडक्यात धरायचे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून हे चित्र कित्येक पिढ्यांनी पाहिले आहे. या रचनेत एक उणीव होती. ती समजण्यासाठी मात्र पटकीच्या साथींपाशी आणि तेथून युरोपात जावे लागते.

मोडशी, पटकी आणि १८१७

पटकीला आपल्याकडे मोडशी असेही एक जुने नाव होते. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात या रोगाचे वर्णन असून त्याने दिलेले देशी नाव आपल्या मोडशीशी जुळणारे आहे. पुढे फ्रेंचांनी याच शब्दाचा अपभ्रंश करून त्याला ‘मोर द शियां’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असे भयंकर रूप दिले. शब्दाच्या या प्रवासातच रोगाची दहशत दिसते.

तरीही हा रोग दीर्घकाळ स्थानिकच राहिला. १८१७ साली बंगालमधील जेसोर भागात उसळलेली साथ मात्र तेथे थांबली नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याची फौज बुंदेलखंडात सिंध नदीच्या काठी तळ देऊन होती. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांवर दडपण आणून पेंढाऱ्यांविरुद्धच्या तहावर त्यांची संमती मिळवण्यासाठी ही फौज आली होती. त्या छावणीत पटकी शिरली आणि सैनिक व बाजारबुणगे मिळून हजारो माणसे थोड्या दिवसांत मेली. छावणी तेथून हलवून बेतवा नदीकाठी नेल्यावर साथ ओसरली. जागा बदलल्यामुळे हवा बदलली आणि म्हणून रोग गेला, असाच अर्थ तेव्हा लावला गेला. पाण्यावर कोणाचा संशय गेला नाही. मराठी राज्याच्या अखेरच्या युद्धाचा इतिहास आपण लढायांच्या अंगाने वाचतो. त्याच मोहिमेत हा अदृश्य शत्रूही वावरत होता, हे सहसा सांगितले जात नाही.

ब्लीचिंगच्या कारखान्यातून नगरापर्यंत

इकडे युरोपात वाळूच्या गाळण्याची सुरुवात आरोग्याच्या विचारातून झाली नाही. स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी जॉन गिब नावाच्या गृहस्थाचा कापड विरंजनाचा, म्हणजे ब्लीचिंगचा कारखाना होता. कापड पांढरे शुभ्र निघण्यासाठी त्याला स्वच्छ पाणी हवे होते. १८०४ साली त्याने दगड, खडी व वाळू यांच्या थरांतून नदीचे पाणी गाळण्याची व्यवस्था केली आणि उरलेले पाणी गाड्यांतून गावात विकले. गढूळ पाण्यापेक्षा निवळ पाण्याला गिऱ्हाईक मिळते, एवढाच त्याचा हिशेब होता.

मोठ्या शहरासाठी हे काम प्रथम केले जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने. लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी त्याने उभारलेले सुमारे एक एकर क्षेत्राचे गाळणे १८२९च्या जानेवारीत सुरू झाले. खाली खडी, वर बारीक वाळू आणि त्यावर उभे राहिलेले पाणी अशी ही रचना होती. पाणी स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरे. काही आठवड्यांनी वरचा थर चोंदला की पाणी काढून टाकून वाळूचा वरचा पातळ पापुद्रा फावड्याने खरवडीत आणि पुन्हा पाणी सोडीत. आज दोन शतकांनंतरही मंदगती गाळण्याची रचना मूलतः हीच आहे.

लंडनमधील पाण्याबद्दल ओरड वाढल्यावर १८५२ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि घरगुती वापरासाठी पुरवले जाणारे नदीचे पाणी गाळूनच देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. त्यासाठी १८५५ अखेरची मुदत देण्यात आली. या मुदतीच्या आतच, १८५४ साली, लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीने सहाशेहून अधिक माणसे मारली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून या साथीचा माग तेथील सार्वजनिक हातपंपापर्यंत नेला. त्या पंपाचे पाणी दिसायला वाईट नव्हते. चवीसाठी तर ते नावाजलेले होते. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा त्या चवीच्या ओढीने रोज तेथून पाणी मागवीत असे आणि ती पटकीने मेली. निवळ व शुद्ध या दोन शब्दांतील अंतर याहून स्पष्टपणे कोणता दाखला दाखवील?

कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे, हे १८६६ साली दिसून आले. पूर्व लंडनला पाणी पुरवणाऱ्या कंपनीने उघड्या तळ्यातील न गाळलेले पाणी नळांत जाऊ दिले आणि त्या भागात पाच हजारांहून अधिक माणसे पटकीला बळी पडली. लंडनच्या ज्या भागांत पाणी नियमाप्रमाणे गाळले जात होते तेथे साथीचा जोर फारसा नव्हता. गाळणी बांधलेली होती, परंतु पाणी त्यांतून गेले नव्हते.

वाळूवरचा सजीव थर

वाळूच्या दोन कणांमधली फट जंतूच्या आकाराहून कितीतरी मोठी असते. मग जंतू अडतो कसा? १८८५ साली पर्सी फ्रँकलंड यांनी लंडनच्या पाण्याची जंतुशास्त्रीय तपासणी नियमित सुरू केली तेव्हा वाळूतून उतरलेल्या पाण्यातील बहुतांश जंतू नाहीसे झालेले आढळले. चाळणी म्हणून अपुरी असलेली वाळू जंतूंच्या बाबतीत एवढी परिणामकारक ठरते, हे अनेकांना चकित करणारे होते.

याचे उत्तर वाळूत नसून वाळूवर साचणाऱ्या थरात आहे. पाणी सतत सावकाश उतरत राहिले की काही दिवसांत वाळूच्या पृष्ठभागावर शेवाळ, निरुपद्रवी जीवाणू, आदिजीव आणि गाळ यांचा एक बुळबुळीत पापुद्रा तयार होतो. जर्मन भाषेत याला ‘श्मुत्सडेके’ म्हणतात. शब्दशः अर्थ मळाचे पांघरूण. हा मळच पाणी शुद्ध करतो. त्यातील सूक्ष्मजीव रोगजंतूंना खातात, काही जंतू कणांना चिकटून राहतात, आणि जे खाली निसटतात ते अन्न न मिळाल्याने वाळूच्या खोल भागात मरतात. म्हणून या गाळण्याला यंत्र म्हणण्यापेक्षा एक जिवंत वस्ती म्हणणे अधिक बरोबर होईल. वस्तीला लागते ते सर्व तिलाही लागते: सतत ओलावा, हवेतील प्राणवायू, थोडे अन्न आणि स्थैर्य. पाणी फार वेगाने उतरले तर जंतूंना अडवायला सवड मिळत नाही. वाळू कोरडी पडली तर वस्ती मरते. फार स्वच्छ करण्याच्या हौसेने वरची वाळू पुन्हा पुन्हा धुतली तर ती उजाड होते.

आता तिकाटण्यावरच्या मडक्यांची उणीव लक्षात येईल. त्यांतले पाणी पूर्ण निथळून जाई आणि वाळू दोन वेळच्या पाण्यामध्ये कोरडी पडे. त्यामुळे गाळ अडे, वास काही प्रमाणात जाई, पण सजीव थर कधी धरतच नसे. कोळसाही फार दिवस न बदलल्यास जंतूंचे घरच होई. पाणी निवळ होई. निर्धोक होईलच असे नसे.

१८९२ : एक नदी, दोन शहरे

या सर्व ज्ञानाची निर्णायक परीक्षा १८९२च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत एल्ब नदीच्या काठी झाली. हॅम्बुर्ग हे तेव्हा श्रीमंत व्यापारी बंदर होते. त्याला लागूनच, मध्ये केवळ रस्त्याची सरहद्द असलेले अल्टोना हे प्रशियाच्या अमलाखालील शहर होते. दोन्ही शहरे एल्बचेच पाणी पीत. हॅम्बुर्ग आपले पाणी शहराच्या वरच्या अंगाने घेई, पण ते न गाळता. समुद्राच्या भरतीबरोबर शहराचे सांडपाणी वर चढून तेथपर्यंत पोहोचत असे. अल्टोनाची स्थिती वरकरणी याहून वाईट होती. त्याचे पाणी हॅम्बुर्गची सारी घाण नदीत मिसळल्यावर खालच्या अंगाने घेतले जाई. मात्र ते वाळूतून गाळले जात असे. गाळण्याची सोय करण्याचे हॅम्बुर्गनेही ठरवले होते, परंतु खर्चाच्या वादात वर्षे गेली आणि काम सुरू झाले तरी पुरे झालेले नव्हते.

साथ आली आणि हॅम्बुर्गमध्ये थोड्याच आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे मेली. अल्टोनात मृत्यू तुलनेने फार थोडे झाले. सरहद्दीवरच्या रस्त्यांत तर हा भेद घराघरांतून दिसला. रस्त्याच्या एका बाजूस पटकी, दुसऱ्या बाजूस नाही. माती तीच, हवा तीच, राहणी तीच. हॅम्बुर्गच्या हद्दीत असूनही अल्टोनाचा नळ असलेली एक दाट वस्तीची चाळ साथीतून सुटली. आठ वर्षांपूर्वी कलकत्त्यात येऊन पटकीच्या जंतूचा पाठपुरावा करणारे रॉबर्ट कॉख यांनी हा पुरावा १८९३ साली मांडला. जमीन व हवा यांनाच दोष देणारे म्युनिकचे वृद्ध प्राध्यापक पेटेनकोफर यांनी आपला हट्ट सोडला नाही. ऑक्टोबर १८९२मध्ये त्यांनी पटकीचे जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि ते वाचलेही. पण रस्त्याच्या दोन बाजूंनी दिलेली साक्ष या साहसाने खोटी ठरली नाही.

या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. १८९३च्या आरंभीच्या कडक हिवाळ्यात अल्टोनातही पटकीचा लहानसा उद्रेक झाला. कॉख यांनी शोध घेतला तेव्हा एका गाळण्यापाशी कारण सापडले. गोठवणाऱ्या थंडीत ते साफसफाईसाठी रिकामे केले असता त्याची वाळू गोठली होती आणि नंतर त्यातून पाणी नीट गाळले गेले नव्हते. ज्या शहराला वाळूने वाचवले होते, त्याच शहरात वाळूकडे झालेल्या थोड्याशा दुर्लक्षाने माणसे मेली. यावरून कॉख यांनी नियम घालून दिले: पाणी उतरण्याचा वेग तासाला १०० मिलिमीटरहून अधिक नसावा, प्रत्येक गाळण्याचे पाणी स्वतंत्रपणे तपासावे आणि गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून कमी जंतू असावेत. हॅम्बुर्गचे गाळणे १८९३ साली सुरू झाले आणि पुढे तेथील विषमज्वराचे मृत्यूही घटले.

आपल्या नगरांत

योगायोग असा की याच १८९२ साली पश्चिम हिंदुस्थानातील दोन मोठ्या पाणीयोजना पुऱ्या झाल्या: मुंबईसाठी तानसा आणि बडोद्यासाठी आजवा. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत सूर्या नदीवर बांधलेल्या या सयाजी सरोवराचे पाणी उतारानेच शहराकडे वाहत येते. सरोवराचे काम १८८५च्या सुमारास सुरू झाले होते. त्याआधी विहिरी, वावा आणि तलाव यांवर जगणाऱ्या बडोद्याला, आणि येथे स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना, बंद नळाचे पाणी प्रथम मिळाले ते या योजनेमुळे. आज निमेटा येथील केंद्रात हे पाणी शुद्ध करून शहरात येते.

वाळूची मोठी गाळणी हिंदुस्थानात त्याआधीच आली होती. कलकत्त्यासाठी हुगळीकाठी पलता येथे १८६०च्या दशकात उभारलेल्या जलकेंद्रात ती होती. मद्रासच्या किलपॉक येथे १९१४ साली मंदगती गाळणी सुरू झाली. निजामाच्या हैदराबादेत मुसी नदीच्या १९०८च्या प्रलयानंतर १९२० साली उस्मानसागर पुरे झाले आणि त्याच्या पाण्यासाठी आसिफनगरला गाळणी बांधली गेली. हैदराबादच्या जुन्या मराठी कुटुंबांत ‘फिल्टर बेड’ हा शब्द ठिकाणाचे नाव म्हणून रुळला असल्यास नवल नाही.

पुढे शहरे फुगली, जागा महाग झाली आणि तुरटी व यंत्रे यांच्या मदतीने सुमारे चाळीस-पन्नासपट वेगाने पाणी उतरवणारी जलद गाळणी आली. त्यांच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या आरंभी क्लोरीन आले. मंदगती गाळणे जुनाट ठरले. त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या कामात नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेचा वाटा आहे. १९७०च्या दशकात आंतरराष्ट्रीय सहकार्याने तिने खेड्यांसाठी मंदगती गाळण्यांचा अभ्यास केला आणि काही गावांत प्रात्यक्षिक केंद्रे उभारली. त्यांत नागपूर जिल्ह्यातील बोरुजवाडा हे गाव होते. वीज व रसायने यांची टंचाई असलेल्या गावाला हेच साधन सर्वांत सोयीचे, हे त्यातून पुन्हा सिद्ध झाले.

राज्य शासनाच्या सेवेत असताना पाणीपुरवठ्याचे अंदाजपत्रक अनेकदा माझ्या मेजावरून गेले आहे. टाकी, पंप, नळ, खोदाई यांच्या रकमा पहिल्या पानावर ठळक असत. वाळू खरवडणाऱ्या माणसाच्या वेतनाची ओळ शेवटच्या पानावर असे आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली लेखणी तिच्यावर फिरे. पूर्व लंडन काय किंवा अल्टोना काय, चूक बांधकामात नव्हती. ती या शेवटच्या ओळीत होती.

घरचे गाळणे

मोठ्या गाळण्यात पाणी अखंड वाहते. घरात ते वेळोवेळी ओतावे लागते. मधल्या काळात वाळू कोरडी पडू न देण्याची युक्ती कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे डेव्हिड मॅन्झ यांनी १९९०च्या दशकात काढली आणि तिकाटण्यावरच्या मडक्यांची उणीव भरून निघाली. युक्ती अगदी साधी आहे. पाणी तळातून निघते, पण बाहेर पडणारी नळी वर वळवून तिचे तोंड वाळूच्या पृष्ठभागाहून पाच सेंटिमीटर उंच ठेवायचे. पाणी ओतणे थांबले की ते या उंचीपर्यंत उतरते आणि तेथेच थबकते. वाळूवर सदैव दोन बोटांएवढे पाणी राहते. याहून कमी पाणी राहिल्यास थर सुकतो आणि फार जास्त राहिल्यास त्याला प्राणवायू पोहोचत नाही.

असे गाळणे करण्यासाठी सुमारे तीन फूट उंचीचे आणि फूटभर रुंदीचे खाद्यपदार्थांसाठीचे प्लास्टिकचे पिंप किंवा सिमेंटची पेटी घ्यावी. रसायने वा कीटकनाशके ठेवलेले पिंप कदापि वापरू नये. तळाशी नळी बसवावी. तळात पाच सेंटिमीटर जाडीचा सुमारे ६ ते १२ मिलिमीटर आकाराच्या खडीचा थर द्यावा, त्यावर तितकाच थर बारीक खडीचा आणि त्यावर ५० ते ५५ सेंटिमीटर बारीक वाळू. वाळूचे कण ०.७ मिलिमीटरहून मोठे नसावेत. खडी-क्रशरवरील दगडाची वाळू चाळून घेतल्यास उत्तम, कारण नदीच्या वाळूत घाण असण्याचा संभव असतो. समुद्राची वाळू खारटपणामुळे चालत नाही. खडी पाणी निवळ निघेपर्यंत धुवावी. वाळू मात्र अति धुऊ नये. सर्व बारीक कण वाहून गेले तर पाणी फार वेगाने उतरते. भरताना आधी पिंपात पाणी घालावे आणि मग वाळू त्या पाण्यात सोडावी, म्हणजे मध्ये हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. वर बारीक भोकांची ताटली ठेवावी. पाणी तिच्यावर ओतले असता थेंबांनी पडते आणि वाळूवरचा थर उखडत नाही.

पिंप काठोकाठ भरल्यावर एक लिटर पाणी उतरायला निदान अडीच मिनिटे लागली पाहिजेत. त्याहून लवकर उतरत असेल तर वाळू जाड आहे असे समजावे. एका वेळी दहा-बारा लिटर पाणी ओतावे आणि नंतर निदान एक तास गाळण्याला विसावा द्यावा. मात्र दोन दिवसांहून अधिक काळ ते पाण्याविना ठेवू नये. सजीव थर धरायला सुमारे महिना लागतो. तोवर पाणी गाळून शिवाय उकळून घ्यावे. बाहेरच्या नळीला तोटी किंवा रबरी नळी जोडू नये. रबरी नळीने पाणी ओढले जाऊन वाळू कोरडी पडते. फार गढूळ पाणी आधी निवू द्यावे आणि फडक्यातून गाळावे. क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर गाळण्याआधी कधीही घालू नये, ती थरालाच मारते. घालायची तर गाळल्यानंतर, दुसऱ्या झाकणाच्या भांड्यात. धार फार मंदावली की वाळूवरचे पाणी हाताने हलकेच ढवळून तेवढे गढूळ पाणी वाटीने काढून टाकावे. सगळी वाळू उपसून धुण्याचा मोह आवरावा. तसे केल्यास महिन्याची तपश्चर्या वाया जाते. साफसफाईनंतरचे काही दिवसही पाणी उकळून घेणे इष्ट.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. चांगले राखलेले गाळणे दहांपैकी नऊ किंवा अधिक जीवाणू अडवते, जंत व आदिजीव तर बहुतेक सर्वच. विषाणूंच्या बाबतीत ते कमी पडते. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, कीटकनाशके यांवर त्याचा उपयोग नाही. म्हणून घरात लहान मूल, वृद्ध वा आजारी माणूस असेल तर गाळलेले पाणी उकळूनच द्यावे. गाळण्याने उकळण्याची वा क्लोरीनची गरज संपत नाही, तर त्यांचे काम सोपे होते.

आज घरोघरी विजेवर चालणारी शुद्धीकरण यंत्रे आहेत. मग वाळूची आठवण कशाला, असे कोणी विचारील. बडोद्याने २०१९च्या आणि २०२४च्या पुरांत विश्वामित्रीचे पाणी घरांत शिरलेले पाहिले आहे. अशा दिवसांत वीज जाते, यंत्रे मुकी होतात आणि विहिरी, टाक्या सांडपाण्याने बाटतात. पुराच्या दिवशी बांधायला घेतलेले गाळणे उपयोगी पडत नाही, कारण त्याला महिनाभर आधी जिवंत व्हावे लागते. तेव्हा उकळणे आणि क्लोरीन हाच आधार. पण आधीपासून रोज ओंजळभर लक्ष देऊन जे घर, जी सोसायटी किंवा जे गाव असे गाळणे चालते ठेवील, त्याच्यापाशी विजेवाचून चालणारे एक साधन कायम राहील. आपल्या पूर्वजांनी वाड्याच्या आडावर रहाट, दोर आणि झाकण यांची जी रोजची निगा ठेवली, तशीच ही निगा आहे. नळ आल्यावर आपण ती सवय सोडली आणि पाण्याची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवून मोकळे झालो. ती पुन्हा थोडी आपल्याकडे घ्यायची असेल, तर एक पिंप, दोन पाट्या खडी, चार पाट्या वाळू आणि महिनाभराचा धीर एवढ्यावर आरंभ करता येतो.